अंजिरीला निजवताना

पानगळ लागली की बर्फाळ मुलखातल्या त्या मोठ्या बागेत मान वर करायला फुरसत नसे. कंद उकरून भुशात ठेवा, पाण्याचे पाईप रिकामे करा, गुलाबांच्या बुंध्यांना माती चढवा, कुंड्या काचघरात न्या. सुनेने सगळं हातासरशी उरकलं होतं. राहिली होती एकटी अंजिरी.

सासूबाईंनी लावलेलं ते अंजिराचं झाड. त्या गेल्या, झाड राहिलं. बर्फात उभं ठेवलं तर मरायचं, म्हणून दर वर्षी एका बाजूची मुळं तोडायची, दुसऱ्या बाजूला झाड हलकेच आडवं करायचं आणि मातीखाली निजवायचं. वीस वर्षं हे काम सासऱ्यांचं. यंदा गुडघ्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं होतं. आणि आभाळ निरभ्र होतं. रात्री दहिवर गोठणार, हे नक्की.

"मोडलं तर पुन्हा लावायला आई नाही, वहिनी," दीर म्हणाला. "गोणपाट गुंडाळू, सुटलो."

"शेजारच्यांनी तेच केलं होतं, भावजी. बर्फ वितळल्यावर काय निघालं? सरपण!"

"काचघराकडची मुळं तोड," खुर्चीतून हुकूम आला. "विहिरीकडे निजव."

सून गुडघ्यांवर बसली. कुदळ बाजूला ठेवून तिने बोटांनीच माती उकरली. काचघराकडे मनगटाएवढी मुळं, अखंड, लवचिक. मग विहिरीकडे उकरलं. तिथे बोथट टोकं, आणि त्यांना फुटलेली केसांसारखी कोवळी मुळं.

"मामंजी, उलटं आहे. तोडत आलात ती विहिरीकडची. निजवायचं काचघराकडे."

"वीस वर्षं केलंय मी! मला शिकवतेस?"

"तुम्हाला मी काय शिकवणार? तुमच्याच कुदळीचे घाव वाचतेय."

"दोन्हीकडची तोडा," दीर म्हणाला, "म्हणजे भांडणही मिटेल आणि झाडही."

सुनेने एक जुनं टोक कापून सासऱ्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"तिरका घाव," ते हळूच म्हणाले. "माझाच. डोकं म्हातारं झालं गं, पण अंगठा खोटं बोलत नाही. कर तुझ्या मनाने."

तिने विहिरीकडची मुळं तोडली, काचघराकडे झाडाएवढा लांब चर खणला. फांद्या दोराने आवळल्या, खोडाला खांदा दिला. झाड कललं. मग कर्रकन आवाज झाला. दिराने डोळे मिटले. सासरे खुर्चीतून अर्धे उठले.

ती हलली नाही. खोडाचा भार खांद्यावर तोलून थांबली. थांबायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, खांद्यालाच कळलं. आणि गुणगुणली:

निज निज गं अंजिरी, माती ओढ अंगावरी,
ऊन येता दारावरी, हाक मारीन मी खरी.

मुळं सैल झाली. झाड बोटबोट खाली आलं आणि काचघराच्या कडेच्या चरात अलगद टेकलं. एक फांदीही तडकली नाही. वर पालापाचोळा, त्यावर गोणपाट, मग माती. फावड्याच्या पाठीने तिने ढिगारा थोपटला.

"वहिनी!" दीर टाळ्या पिटत ओरडला. "अहो, कमाल केलीत!"

सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे. आत्ताशी कुठे डोळा लागलाय तिचा."