उंच दांडीवरचा माइक

मित्रांनो, ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ ऐकून ऐकून ज्याचे कान किटले, तो मी एक जुना माइक. सध्या मुक्काम टेबलाच्या खणात, तुटक्या स्टेपलरशेजारी. इथे अंधार आहे आणि बोलायला कुणी नाही. तशी अडकून पडायची मला सवय आहे म्हणा.

कारखान्यातून मी थेट इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एका क्लासात आलो. पहिल्या तुकडीत सगळे पुरुषच. त्यांतल्या एका उंचापुऱ्या ट्रकड्रायव्हरने मला आपल्या तोंडासमोर आणलं आणि दांडीचा स्क्रू असा काही आवळला, की तो पुढे तसाच गंजून गेला. तेव्हा माझं कोण कौतुक! सर रोज मला रुमालाने पुसायचे. ड्रायव्हर, सेल्समन यायचे, चुकीचं इंग्रजी धडाधड ठोकून द्यायचे आणि टाळ्या घेऊन ऐटीत जागेवर जायचे.

मग बायका येऊ लागल्या. मी त्यांच्या कपाळाच्याही वर. बिचाऱ्या टाचा उंचावून, हनुवटी उचलून बोलायच्या. अशाने कुणाच्या घशातून धड आवाज निघेल? सर मनाने चांगले, पण दर वेळी तेच सांगायचे, की आत्मविश्वास कमी पडतो, बायकांचं असंच असतं. आणि बायकांनाही ते पटायचं, याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

त्यांत एक नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. वॉर्डची प्रमुख व्हायचं तर या क्लासची तोंडी परीक्षा पास होणं भाग होतं, आणि ती सारखी नापास होत होती. खरं तर अडलेल्या सेल्समनला बाकावरून हळूच शब्द पुरवणारी हीच. पण माझ्यासमोर फजिती झाली, की शेजारणीला म्हणायची, आपल्यात तेवढी धमकच नाही. अगं, दोष तुझा नाही, असं मी ओरडून सांगितलं असतं. पण दुसऱ्यांचा आवाज मोठा करणाऱ्या मला स्वतःचा आवाज कुठे आहे? आतल्या आत नुसता घुसमटायचो.

शेवटच्या परीक्षेत ती बोलू लागली, तसं मागून कुणीतरी ऐकू येत नसल्याचं सांगितलं. दोघे-तिघे हसले. सरांनी मान हलवत पेन उचललं. सिस्टर जागेकडे निघाली आणि अर्ध्यातून परत फिरली.

“सर, माइक खाली घ्या.”

“अहो, स्क्रू जाम आहे तो. सगळे असेच बोलतात. तुम्ही जरा धीट व्हा.”

“धीटपणाचं नंतर बघू. आधी तो माझ्या तोंडाशी येऊ दे.”

कुणी जागचं हललं नाही. मग तिनेच मला दोन्ही हातांनी धरून ओढलं. मला दांडीला धरून ठेवणारी क्लिप तुटली, माझं डोकं चेपलं. आणि ती बोलली. ज्या पेशंटला उठता येत नाही, त्याचं ऐकायला आपणच वाकायचं असतं, हे तिने इंग्रजीत न अडखळता सांगितलं. मागच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचला. ती पास झाली.

माझी रवानगी वर्गातल्याच टेबलाच्या खणात झाली. सरांनी नवा, चकचकीत माइक आणलाय. परवा एक मुलगी बोलताना मला जेमतेम ऐकू आली, आणि पाठोपाठ सर तिला आत्मविश्वासाबद्दल सांगू लागले. नवा माइक त्याच दांडीवर बसवला आहे.

मित्रांनो, मला दुरुस्त नाही केलंत तरी चालेल. पण एखादीचा आवाज पोचत नसेल, तर तिला भित्री म्हणायच्या आधी त्या स्क्रूत थेंबभर तेल सोडा.