साहेबाच्या गाडीची चाकं

शर्यतीला अठरा दिवस उरले असताना धाकूच्या छकड्याचं डावं चाक बांधावर उकललं. आवाज नाही, धडपड नाही. बैल आपले चालत होते, धाकू पुढं बसून काहीतरी गुणगुणत होता, आणि गाडी हळूच डावीकडे कलली. खाली उतरून बघतो तर चाकाचे दोन आरे निखळलेले आणि भोवतालची लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात, ती बाजूला गवतात निजलेली. चौदा वर्षं चाललेल्या चाकानं याहून जास्त काय करायचं? तरी धाकूनं त्याला शिव्या घातल्या. मग उजव्या चाकालाही घातल्या, कारण तेही तितकंच म्हातारं होतं.

धाकू कोपरचा, मिठागरावर राबणारा आगरी माणूस. आसपासच्या सात गावांत त्याची ओळख म्हणजे शर्यतीत दुसरा येणारा. चैत्रात सात गावांच्या देवीची जत्रा भरे आणि कापणी झालेल्या शेतांवर छकडे पळत. पहिला यायचा मानपाड्याचा गोमाजी. सलग तीन वर्षं धाकूनं गोमाजीच्या बैलांची शेपटं पाहिली होती. आता त्याच्या स्वतःच्या बैलांचंही वय झालं होतं. पुढच्या चैत्रात ते पळतील असं त्यालाच वाटत नव्हतं.

जिंकणाऱ्याला मिळायचा एक नारळ. पण जिंकलेल्या छकड्यातून देवीचा कलश सातही गावांत फिरायचा, आणि कलश मांडीवर घेऊन बसायचा मान गाडीवानाच्या बायकोचा. ती कोणाची कोण, तिला मुलंबाळं किती, हे त्या दिवशी कोणी विचारत नसे. गाडी जिंकली की ती बसली, एवढाच नियम. धाकूची बायको आवडाबाई. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. गावात तिला कोणी तोंडावर वाईट बोलत नसे. लोक तसे बरे होते. फक्त लग्नात हळद लावताना ताट तिच्यापर्यंत येता येता वळायचं, ओटी भरताना तिला पाणी आणायला पाठवलं जायचं, आणि ती हंडा उचलून निमूट जायची. धाकूला हे दिसे. तिच्या मांडीवर एकदा सात गावांनी कलश बघावा, म्हणून तो पळत होता. हे तो कोणाजवळ बोलला नव्हता, तिच्याजवळ तर नाहीच. तिची समजूत अशी की याला शर्यतीचा नाद आहे.

दुसऱ्या दिवशी धाकू कल्याणला परशुराम सुताराकडे गेला. आपण बनवलेलं चाक कधी परत आलं नाही, असं परशुराम सांगायचा. ते खरंही होतं, आणि तो ते फार वेळा सांगायचा.

"मना हलकी चाकं दे, दादा," धाकू म्हणाला. "गोमाजीच्या बैलांची शेपटं यंदा मना बघाची नाय."

"मग डोळे मिटून पळव," परशुराम म्हणाला आणि त्याला आत घेऊन गेला.

आत दोन जोड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. एक नवी, बाभळीची. आरे मनगटाएवढे, धाव चार बोटं रुंद. परशुरामनं तिच्यावर लाकडी हातोडा मारला तेव्हा ठण्ण असा एकसंध आवाज आला. दुसरी जोडी निराळीच होती. आगगाडी कल्याणवरून जाऊ लागून तीसेक वर्षं झाली होती, आणि तिच्याबरोबर आलेल्या साहेबांपैकी एकाची दोन चाकांची छोटी घोडागाडी होती. साहेब विलायतेला गेला, गाडीची पेटी झाडावर आदळून मोडली, चाकं परशुरामकडे आली. काळा चकचकीत रंग, बोटाएवढे आरे, आणि धाव जेमतेम दीड बोट. छकड्याच्या आखावर बसावीत म्हणून परशुरामनं मधल्या तुंब्यात लोखंडी नळीही ठोकून ठेवली होती. म्हणजे कोणीतरी येईल याची त्याला खात्री होती.

धाकूनं बाभळीचं चाक उचललं तेव्हा त्याच्या तोंडून हुं निघालं. साहेबाचं चाक त्यानं एका हातानं उचललं. मग परशुरामनं दोन्ही चाकं आखावर चढवून फिरवली. बाभळीचं दहा-बारा फेरे घेऊन थांबलं. साहेबाचं फिरतच राहिलं. परशुरामनं तंबाखू काढली, चुना लावला, मळून तोंडात टाकली, तरी ते फिरत होतं.

"धाव बारीक हाय. रुतंल काय?" धाकूनं विचारलं.

"ओल्यात रुतेल. चैत्रात शेत दगडासारखं असतं, तिथं नाही रुतायची. पण माझं ऐकशील तर बाभळीचं घे. साहेबाचं चाक शोभेचं. हे चाक तुझ्या नातवंडांपर्यंत..."

परशुराम थांबला. त्याला आठवलं. तो उगीचच हातोडा इकडचा तिकडं ठेवू लागला.

धाकूनं साहेबाच्या चाकावर हात ठेवला. "मना नातवंडांपर्यंत नको. मना एक दिस पुरंल इतका चाक पायजे."

परशुरामला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो जास्त कडक बोलायचा. "मग नीट ऐक. याला पाणी दाखवायचं नाही. आपलं चाक उन्हानं आकसतं, धाव ढिली होते, म्हणून आपण ते पाण्यात टाकतो. लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. याचे सांधे सरसानं चिकटवलेत आणि धाव आधीच आवळून बसवली आहे. हे पाणी प्यालं की सरस विरघळणार, लाकूड फुगणार आणि जागा मिळाली नाही की वाकणार. पाण्यापासून लांब ठेव. समजलं?"

"समजला," धाकू म्हणाला. आणि त्याला खरंच समजलं होतं.

घरी आणून त्यानं चाकं पेंढ्याखाली दडवली. आवडाबाईनं पेंढा सारून पाहिलं. एवढी बारीक चाकं तिनं कधी पाहिली नव्हती.

"ही धावतील कं मोडतील?"

"धावतील. कोनाला दाखवू नको. कोनाला सांगू पन नको."

तिनं मान डोलावली. मानपाड्याला पत्ता लागू नये म्हणून हा सांगतोय, हे कळण्याइतकी ती हुशार होती. शर्यतीपर्यंत तिनं सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नाही.

पाण्याचं मात्र धाकू बोलला नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्याच्या डोक्यातच आलं नाही. शर्यतीआधी चाकं पाण्यात टाकायचं काम आवडाबाईचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीवान बैल आणि छकड्याचा सांगाडा घेऊन देवळापाशी मुक्कामाला जात, आणि चाकं घरी ठेवत, कारण रात्री कोणी खीळ काढील, आरा सैल करील, याचा नेम नसे. चाकं घरातल्या बाईच्या ताब्यात. सकाळी ती त्यांना हळदकुंकू लावून मैदानात आणायची. दर वर्षी चाकं घट्ट होऊन यायची, आणि धाकू ती जोडायचा. भात शिजून ताटात येतो तशी ती यायची. चुलीपाशी काय चालतं ते पुरुष कधी विचारतो?

यंदाही आदल्या दिवशी धाकू बैल घेऊन देवळाकडे गेला, आणि उन्हं कलल्यावर आवडाबाईनं चाकं बाहेर काढली. एकेक घरंगळवत मिठागरापर्यंत नेलं. भरतीचं पाणी साठवायच्या पहिल्या वाफ्यात ती आडवी निजवली आणि तरंगू नयेत म्हणून वर दगड ठेवले. या वर्षी तिनं एक जास्तीचं केलं. चाकं नवी, बारीक, नवऱ्याच्या जिवाची. म्हणून दर वर्षी ती पहाटे काढायची ती यंदा चांगली उजाडेपर्यंत पाण्यात ठेवली.

सकाळी ती आणि तिचा भाऊ गणू चाकं घेऊन मैदानात आले. हळदकुंकू ओलं होतं. धाकूनं पहिलं चाक हातात घेतलं आणि ते त्याला जड लागलं. सांध्यांतून गुळाच्या पाकासारखं काहीतरी तांबूस ओघळलं होतं. दोन आरे बाहेरच्या अंगाला वाकले होते. त्यानं आवडाबाईकडे पाहिलं. ती घामेजली होती, आणि तिचा चेहरा लग्नातल्या करवलीसारखा फुलला होता.

"चांगली घट जालीत ना?" तिनं विचारलं. "यंदा मी जास्ती येल ठेवली."

 तिच्यावर ओरडावं असं धाकूला एक क्षण वाटलं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. "घट जालीत," तो म्हणाला.

आता पळायचं नाही म्हटलं तर का ते सांगावं लागणार. सांगितलं की तिला कळणार. म्हणून धाकूनं चाकं चढवली, दोन्हीकडं खीळ ठोकली आणि छकडा रेषेवर नेला. चौदा छकडे होते. पहिल्या खांबापर्यंत तो तिसरा होता, वळणावर दुसरा. मग जे झालं ते कोपरची माणसं नंतर पुष्कळ वर्षं सांगत. म्हाताऱ्या बैलांना काय झालं कोण जाणे, ते गोमाजीच्या बैलांना मागं टाकून पुढं गेले. धाकूसमोर कोणाचं शेपूट नव्हतं. नुसतं मोकळं शेत होतं आणि टोकाला देवीचा झेंडा. चाकं कुरकुरत होती. तो मोठ्यानं देवीचं नाव घेऊ लागला, कुरकुर ऐकू येऊ नये म्हणून.

झेंडा शंभर पावलांवर असताना डावं चाक छत्रीसारखं मिटलं.

बैलांना काही झालं नाही. धाकूचा खांदा निखळला. गोमाजी त्याला वळसा घालून झेंड्याखालून गेला, आणि एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं की जिंकल्यावर तो आधी मागं धावत आला.

माणसं जमली. परशुरामही होता, आपली चाकं पळताना बघायला तो कल्याणहून चालत आला होता. त्यानं धाकूकडे पाहिलं नाही, आधी चाक पाहिलं. सुटलेल्या आऱ्याच्या टोकावरून बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं. खारट लागलं. मग त्यानं मान वर केली. धाकू खांदा धरून मातीत बसला होता. तो परशुरामकडे बघून हळूच, अगदी हळूच, नाही अशी मान हलवत होता.

तेवढ्यात आवडाबाई गर्दीतून पुढं आली. तिनं नवऱ्याच्या अंगावरून हात फिरवला, जिवंत आहे याची खात्री केली, आणि मग सुताराकडे वळली.

"दादा, कसला चाक दिलास याला? मानूस मेला असता."

सात गावांची माणसं ऐकत होती. त्यांतल्या निम्म्यांच्या गाड्यांना परशुरामची चाकं होती. परशुराम बाजूला जाऊन तोंडातली तंबाखू थुंकून आला.

"चूक माझी, वहिनी," तो म्हणाला. "सरस कच्चा राहिला. मी घाई केली."

त्या वर्षी चार गावांच्या गाड्या धाव चढवायला परशुरामकडे गेल्या नाहीत. आपलं चाक कधी परत आलं नाही, हे त्यानं पुन्हा कोणाला सांगितलं नाही.

दुपारनंतर गोमाजीचा छकडा सात गावांत फिरला. आत त्याची बायको शेवंती कलश मांडीवर घेऊन बसली होती. छकडा दारापुढं थांबला की घरच्या बाईनं दोन्ही चाकांवर पाणी घालायचं, अशी रीत. देवी उन्हातून आलेली असते. कोपरात छकडा धाकूच्या दारी आला तेव्हा धाकू खांदा बांधून ओट्यावर बसला होता. परशुराम छकड्यामागून चालत होता. कल्याणची वाट त्याच बाजूची.

आवडाबाई हंडा घेऊन बाहेर आली. तिनं कलशाला हात जोडले. शेवंतीकडे बघून हसलीही. मग उजव्या चाकापाशी गेली आणि हंडा कलता करता करता थांबली. चाक चांगलं जाडजूड होतं, बाभळीचं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं सावकाश आपलं एक बोट जिभेला लावलं, सकाळी गर्दीतून तिनं सुताराला लावताना पाहिलं होतं तसंच, आणि वर पाहिलं.

"दादा," तिनं परशुरामला विचारलं, "याला पानी चालतं ना?"

 परशुरामनं धाकूकडे पाहिलं, पण धाकू खाली बघत होता.

"चालतं, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "हे आपलं चाक आहे."

तिनं उजव्या चाकावर पाणी घातलं, वळसा घालून डाव्यावर घातलं, हंडा उपडा करून झटकला. छकडा पुढच्या दारी गेला. ती ओट्यावर येऊन धाकूच्या शेजारी बसली. ओले हात तिनं पदरात गुंडाळले.  तो आपल्यासाठी पळत होता, हेही तिला आजच कळलं होतं. शेवंतीच्या मांडीवरचा कलश बघताना त्याचा चेहरा तिनं पाहिला होता.

"पुढच्या येलेला चाकं बघाला जाशील ना," ती म्हणाली, "तवा मना संगती ने."

धाकूनं धडक्या हातानं डोळे पुसले. "नेन," तो म्हणाला.