बारावे नाव

मी इस्पितळाच्या धुलाईखान्यातली एक जुनी पितळी ट्रॉफी आहे. हल्ली मला स्वतःचीच शिसारी येते, म्हणून बोलते आहे.

मित्रांनो, माझ्या बैठकीवर नावे कोरणारे म्हातारे काका मोठे बोलके. दर वर्षी उत्तम कामगाराचे नवे नाव कोरताना ते सांगत, "पोरी, तुझं नाव मूळचं ग्रीकांचं. त्यांच्याकडे 'ट्रोपे' म्हणजे पाठ फिरवणं. शत्रू जिथून पाठ फिरवून पळाला, तिथेच खांब रोवून त्याची शस्त्रं टांगायचे. ती पहिली ट्रॉफी." ऐकून माझी मान ताठ व्हायची. चादरी धुणाऱ्या, घड्या घालणाऱ्या माणसांची अकरा नावे मी अभिमानाने मिरवली.

बाराव्या वर्षी बॉयलरमधून वाफ फुटली. सगळ्यांत आधी धुलाईखान्याचे साहेब पळाले. इस्त्रीवाल्या मावशींनी मात्र हाताला ओला टॉवेल गुंडाळून झडप बंद केली. मनगट भाजले, पण वरच्या मजल्यावरचे रुग्ण वाचले. या वर्षी ट्रॉफी मावशींचीच, हे सगळे धरून चालले होते. मावशींनी लेकीला समारंभाला बोलावलेसुद्धा.

साहेब काकांकडे आले ते स्वतःचे नाव लिहूनच.

"तुम्ही तर बाहेर पळालात म्हणे," काका म्हणाले.

"बाहेरून हुकूम कोण देत होतं? कोरा मुकाट्याने."

काकांनी कोरले. मला त्यांचाही राग आला.

समारंभात साहेबांनी मला छातीशी धरले. त्या घामट हातांची किळस अजून जात नाही. ग्रीकांनी पळणाऱ्याची ढाल खांबाला टांगली होती, खांब त्याच्या हातात दिला नव्हता.

"आई, तू तर म्हणाली होतीस..." लेक म्हणाली.

"चल, बस चुकेल," मावशी म्हणाल्या.

आता मी साहेबांच्या कपाटात असते. दर शनिवारी मला घासायला ते मावशींनाच बोलावतात, इतका निगरगट्ट माणूस. मावशी अकरा नावे लखलखीत करतात. बारावे हिरवट, काळपट पडले आहे.

परवा साहेबांनी विचारलेच, "माझं नाव का दिसत नाही?"

"तिथवर आले की मनगट दुखतं, साहेब," मावशी म्हणाल्या आणि फडका घडी करून ठेवला. 

मित्रांनो, आम्हाला जपा, स्वच्छ ठेवा, असे सगळ्याच ट्रॉफ्या सांगतात. माझी विनवणी वेगळी आहे. कधी मी तुमच्या हाती आले, तर तेवढा मळ राहू द्या.