पाण्याचा मिस्ड कॉल

मी गुरुबसप्पांच्या खिशातला मोबाईल बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोय! साध्या आवाजात सांगितलेलं या घरात कुणी ऐकत नाही, म्हणून आज तुम्हाला धरलंय. जरा बसा.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. डोळे उघडले ते सोलापुरात, एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. गुरुबसप्पांचा मुलगा अमरेश बारावी पास झाला म्हणून त्यांनी मला घेतलं आणि शुक्रवार पेठेतल्या घरी आणलं. अमरेशची आई शिवबाई, तिने कौतुकाने माझ्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले. आता माझं कपाळ म्हणजे कॅमेरा. आठ दिवस घरातला प्रत्येक माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसत होता. पण ती माया होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती अमरेशबद्दल. त्याला मी जसा होतो तसा चाललोच नाही. पहिल्याच महिन्यात त्याने माझं आतलं कुलूप तोडलं, कंपनीने घातलेलं सगळं काढून टाकलं आणि इंटरनेटवरच्या हौशी मंडळींनी बनवलेलं सॉफ्टवेअर घातलं. ते अंगवळणी पडतंय तोवर दुसरं, मग तिसरं. एकदा तर दिवसभर मी नुसतं कंपनीचं नाव दाखवत पडून होतो आणि हा माझ्यापुढे नखं खात बसला होता. "चालू हो की रे आता," म्हणे! मी काय हौसेने बंद पडलो होतो?

त्यातल्या त्यात एक शहाणपण त्याने केलं. माझ्या मोडेमची एक प्रत मेमरी कार्डावर काढून ठेवली. मोडेम म्हणजे माझ्या आतला टॉवरशी बोलणारा भाग. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं असतं आणि ते ज्याचं त्यालाच बसतं. ते बिघडलं की गाणी वाजतात, फोटो निघतात, पण फोन म्हणून मी संपलो.

पुढे अमरेशला पुण्यात नोकरी लागली, नवा फोन आला आणि मी त्याच्या वडिलांच्या खिशात गेलो. गुरुबसप्पांची घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आहे. तेव्हापासून माझ्या चार्जिंगच्या भोकात कायम ज्वारीचं पीठ. शिवबाई दर सोमवारी ते टाचणीने कोरून काढते. तरी सांगतो, माझे खरे चांगले दिवस तेच. कारण मला काम मिळालं.

आमच्या पेठेत पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला इथे चावीवाला म्हणतात. आमचा चावीवाला प्रभु. पूर्वी घराघरांतून लोक फोन करून त्याचं डोकं खायचे. मग त्याने वैतागून गल्लीला एकच नंबर ठरवून दिला, तो आमचा. पाणी सोडायच्या दहा मिनिटं आधी तो माझ्यावर एक मिस्ड कॉल देतो. गिरणीच्या घरघरीत माझी रिंग काय ऐकू येणार? मी गुरुबसप्पांच्या छातीवर थरथरतो. ते गिरणी बंद करतात, ओट्यावर येतात आणि समोरच्या दाराकडे बघून पहिली हाक मारतात, "चंद्रव्वा, नीरु बर्तद!" म्हणजे पाणी येतंय. मग बाकीच्या गल्लीला मराठीत.

पहिली हाक चंद्रव्वालाच, कारण ती एकटी राहते, सत्तरी उलटलीय, गुडघे गेलेत. सगळ्यांच्या नळाला मोटर आहे, तिच्या नळाला नाही. मोटरी सुरू झाल्या की तिच्या नळातून नुसती हवा येते. म्हणून गल्लीने ठरवून घेतलंय, हाक आली की पहिली पंधरा मिनिटं कुणी मोटर लावायची नाही, ती चंद्रव्वाची. तेवढ्यात तिचं पिंप भरतं आणि चार दिवस निभतात. हाक येणारच या भरवशावर ती दुपारी निवांत झोपते. एका म्हातारीची झोप माझ्यावर होती, याचा मला फार अभिमान होता.

गेल्या शनिवारी पाण्याचा दिवस होता, आणि अमरेश सुट्टीला आलेला.

"अप्पा, याला रेंज लई कमी दाखवतंय. अपडेट पण आलंय. करून देऊ?"

"चाललाय की नीट," गुरुबसप्पा म्हणाले. "आज पाणी हाय."

"दहा मिनिटांचं काम आहे, अप्पा."

दहा मिनिटं! या माणसांची दहा मिनिटं मी चार वर्षं भोगलीत हो! त्याने कुठंतरी वाचलं होतं की दुसऱ्या एका फोनचं मोडेम घातलं की रेंज वाढते. घातलं. झालं, होती नव्हती तेवढी रेंज गेली. माझा पंधरा आकडी ओळख क्रमांक असतो, त्या जागी आता काहीच नाही. मी आहे कोण, हे टॉवरला सांगायची सोय राहिली नाही.

शिवबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "ते शिम काढ आन तुज्या फोनात घाल की. पाणी येऊन गेल्यावर कर काय करायचं ते."

मला पाय असते तर मी जाऊन तिच्या पाया पडलो असतो. एवढी साधी गोष्ट! पण अमरेश म्हणाला, "अव्वा, तुला त्यातलं कळत नाही. होतंय आता."

एवढं मात्र खरं, त्याने घाईघाईने अपडेट दाबलं नाही. चुकीचं मोडेम आत असताना अपडेट घातलं की मी कायमचाच जातो, हे त्याला ठाऊक होतं. "आधी मोडेम, मग अपडेट," असं पुटपुटत तो जुनी प्रत असलेलं मेमरी कार्ड शोधायला लागला. टेबलाचे खण झाले, माझं खोकं झालं, जुन्या पँटींचे खिसे झाले. दीड तास! इकडे शिवबाईच्या छोट्या स्पीकरवर कन्नड वचनं, म्हणजे भक्तिगीतं, चाललेली.

"अव्वा, बंद कर ना ते. डोकं उठलंय माझं."

"घे बाबा, केलं बंद," असं म्हणून तिने स्पीकरमधून कार्ड उपसलं आणि त्याच्यापुढे धरलं.

अमरेश बघतच राहिला. "हे कुठून आणलंस?"

"तुज्याच खणात पडलं हुतं की. गाणेवाल्याकडनं वचनं भरून घेतली. का रं?"

माझं मोडेम वर्षभर त्या स्पीकरात वचनं ऐकत बसलं होतं. नशीब माझं, गाणेवाल्याने ते पुसलं नव्हतं. अमरेशने ते काढून माझ्यात परत घातलं आणि सव्वातीनला रेंजच्या चारही दांड्या उभ्या राहिल्या. मी सुखावलो. आता मला खिशात टाकतील, असं मला वाटलं.

"झालं न्हवं?" शिवबाई म्हणाली. "दे जा अप्पाला."

"अपडेट तेवढं टाकतो. आता सगळं जुळलंय, अर्ध्या तासात होतंय. पाणी काय चारला येतं."

"अरं, येऊन जाऊ दे की पाणी!"

दाबलं. अरे देवा, दाबलं त्याने! पुढचा अर्धा तास मी सोलापुरात नव्हतो, कुठंच नव्हतो.

पावणेचारला मी जागा झालो. नवं सॉफ्टवेअर, नवे रंग, सगळं कसं झकास. आणि पहिलाच मेसेज आला: तुमचा फोन बंद असताना प्रभु चावीवाल्याचा कॉल येऊन गेला, तीन वाजून बावीस मिनिटं. तो मेसेज दाखवणं माझ्याच नशिबी आलं. अमरेशने तो दोनदा वाचला आणि पुढच्या खोलीत पळत जाऊन गिरणी बंद केली. घरघर थांबली तशा गल्लीतल्या मोटरी ऐकू आल्या. हाक नाही, म्हणजे पंधरा मिनिटंही नाहीत. ज्याला आधी कळलं त्याने मोटर लावली होती.

चंद्रव्वा नळाशी उभी होती. पिंपाच्या तळाला वीतभर पाणी आणि नळातून नुसता फुसफुस आवाज. "हाक न्हाय आली, म्हनून पडले हुते की," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

 गुरुबसप्पा स्वतःच्या पिंपातून दोन कळश्या भरून निघाले. अमरेशने मला आपल्या खिशात कोंबलं आणि बादल्या उचलल्या. सहा खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला चंद्रव्वाने विचारलं, "फोन नीट झाला का रं?"

"झाला, आज्जी."

"मग झालं तर. तुजं काम तरी वाया न्हाय गेलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अमरेश मान खाली घालून बादल्या घेऊन परत आला आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेला.

आता मी ठणठणीत आहे. मोडेम माझं स्वतःचं आहे, रेंज भरपूर आहे, चार्जिंगच्या भोकात पुन्हा ज्वारीचं पीठ आहे. बुधवारी दुपारी मिस्ड कॉल आला. मी असा थरथरलो, असा थरथरलो, की गुरुबसप्पांनी दचकून गिरणी बंद केली. ओट्यावर धावले.

"चंद्रव्वा, नीरु बर्तद!"

"हितंच बसलेय की, बसप्पा," दारातूनच उत्तर आलं. "बारापासनं."

तिने नळ उघडा ठेवून खाली पत्र्याचा डबा पालथा घातला होता, पाणी पडलं की वाजावा म्हणून. आणि त्या डब्याशेजारी पाटावर, दुखरे गुडघे लांब करून, ती तीन तास जागी बसलेली.

मला फार लागलं ते. पुढचं पाणी रविवारी आहे. तुम्ही शुक्रवार पेठेत आलात तर तिला एवढं सांगा, मी चालू आहे. दुपारी झोप म्हणावं.