तांब्यावरचे केस

डॉन लेआंद्रोने सुई मुठीत धरून तांब्याच्या पत्र्यावर पहिली रेघ ओढली, तेव्हा रुफिनाने हातातली शाईची चिंधी टेबलावर ठेवून दिली. तोंडावर फेकावीशी वाटली होती, ती ठेवली. परवानगीच्या कचेरीतून आलेल्या माणसापुढे लावापिएस वस्तीतल्या तळघरात चित्रं कोरून छापणाऱ्या बाईने आणखी काय करायचं असतं?

"सुई अशी नाही धरत," एवढंच ती म्हणाली.

"तुमच्यातलीच रीत आहे ना ही? छपाई संपली की पत्र्यावर रेघा मारायच्या, पुन्हा कुणी छापू नये म्हणून."

रीत होती. ठरलेल्या प्रती निघाल्या की कोरणारा आपल्याच हाताने आपल्या पत्र्यावर एक तिरपी रेघ मारतो. या पत्र्याच्या तीनच प्रती निघाल्या होत्या आणि तिन्ही आता डॉन लेआंद्रोच्या कातडी पिशवीत होत्या. अर्धवट ऐकलेलं पुरतं कळल्यासारखं बोलायची त्याला खोड होती, आणि नेमक्या अशाच माणसांच्या हाती सरकार शिक्के देतं.

पत्र्यावर एक बाई होती. खुर्चीवर बसलेली, हात मागे बांधलेले, डोकं भादरलेलं, मान ताठ. रुफिनाने चित्राला एका संतिणीचं नाव दिलं होतं. प्रदर्शनाच्या यादीत ते खपून जाईल असं तिला वाटलं होतं, पण खपलं नाही.

डॉन लेआंद्रोने चेहऱ्याला हात लावला नाही. त्याचा राग त्या बोडक्या डोक्यावर होता. संप झालेल्या खाणींच्या खोऱ्यात कुठल्याही बाईचं डोकं कुणी भादरलेलं नाही, असं तो सांगत होता. वर्तमानपत्रात तसं छापून आलं आहे. दोघीतिघींना उवा झाल्या होत्या, म्हणून स्वच्छतेसाठी केस कापले. प्रत्येक वाक्यासरशी तो टाळूपासून खांद्यापर्यंत चारपाच रेघा ओढत होता. शेवटी त्याच्या कपाळावर घाम आला. रुफिनाने दिलेली बडीशेपेची दारू त्याने उभ्यानेच संपवली.

"आता छापा काय छापायचं ते," असं म्हणून तो जिना चढून गेला.

रुफिनाने त्याचा पेला तीनदा धुतला. तरी राग जाईना. चारच्या गाडीने ओब्दुलिया येणार होती, आणि तिला काय दाखवायचं?

दोन महिन्यांपूर्वी ओब्दुलिया पहिल्यांदा याच तळघरात आली होती. खाणकामगाराची बायको, संपात नवऱ्याबरोबर उभी राहिलेली. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सगळं सांगितलं. सार्जंटला संपवाल्यांची नावं हवी होती. तिने दिली नाहीत. मग खुर्ची, दोरी आणि वस्तरा. एवढं झाल्यावर दोरी सोडली आणि तिच्याच हातात झाडू दिला, जमिनीवर पडलेले स्वतःचे केस झाडायला. गावातल्या फोटोवाल्याने भीतीने दार उघडलं नव्हतं. म्हणून ती तांब्याकडे आली होती. सांता बार्बाराच्या सणाला, खाणवाल्यांच्या त्या एका दिवशी, वीस प्रती धोबीघाटाच्या भिंतीवर, खाणीच्या फाटकावर आणि चर्चच्या दारावर लावायच्या असं दोघींचं ठरलं होतं.

रुफिनाने चिडूनच पत्र्याला शाई लावली. बिघडलेलं निदान डोळ्यांनी बघावं. जादा शाई पुसली, भिजवलेला कागद ठेवला, वर लोकरी कापड पसरलं आणि छपाईयंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला आणि ती तिथेच स्टुलावर बसली.

बाईला केस आले होते.

तांब्यावर ओरखडा काढला की तो चित्र पुसत नाही, उलट शाई धरतो, ही गोष्ट डॉन लेआंद्रोला कुणी सांगितली नव्हती. त्यातून त्याने सुई रागाने दाबली होती. रेघेच्या कडेला तांब्याची बारीक कूस, खरखरीत कड, उठली होती आणि तिच्यात अडकलेली शाई मखमलीसारखी उतरली होती. काळेभोर, दाट, खांद्यावर सुटलेले केस. अशी रेघ साधायला रुफिनाची तीस वर्षं गेली होती. ती खो खो हसत सुटली. एवढा मोठा साहेब, आणि खोडता खोडता बाईचं डोकं सजवून गेला!

ओब्दुलिया आली ती भाजलेल्या चेस्टनटचा पुडा घेऊन. रुफिनाने तिला बसूही दिलं नाही, दोरीवर वाळत घातलेली प्रत दाखवली आणि झालेलं सगळं डॉन लेआंद्रोच्या नकलेसकट सांगितलं. वाटलं, ही पण हसेल.

ओब्दुलिया प्रतीसमोर उभी राहिली. तिचा हात रुमालाच्या गाठीशी गेला आणि तिथेच राहिला.

"छान आहेत," ती म्हणाली. "माझे इतके दाट नव्हते."

रुफिनाचं हसू आपोआप विरलं.

"म्हणजे भादरायचं पण त्यांनीच आणि केस द्यायचे ते पण त्यांनीच? ही चिकटव दारावर, म्हणजे सार्जंट बोट दाखवून सांगेल गावाला, बघा, केस तर आहेत बाईला! काढ हे, डोन्या रुफिना."

रुफिनाला स्वतःची लाज वाटली. तीस वर्षांची रेघ बघता बघता तिला बाई दिसलीच नव्हती. तिने खणातून तीन धारांची खरवडणी काढली आणि पत्रा उजेडात ओढला. कूस खरवडता येते, खालचा ओरखडा घोटून बसवता येतो, पण वेळ लागेल आणि पुसट खुणा राहतील, असं तिने सांगितलं.

"किती पुसट?"

"आठवड्याभराने केस उगवतात ना डोक्यावर, तेवढ्या."

"राहू देत तेवढ्या." ओब्दुलियाने हात पुढे केला. "ती इकडे दे. त्या दिवशी माझे हात बांधलेले होते."

रुफिनाने खरवडणी दिली, कशी धरायची ते दाखवलं आणि बाजूला झाली. ओब्दुलियाने रुमाल सोडून मांडीवर ठेवला. तिचे स्वतःचे केस पेरभर वाढले होते. टाळूपासून सुरुवात करून, ओठ घट्ट मिटून ती एकेक रेघ खरवडू लागली. तांब्याचा बारीक तांबूस कीस टेबलावर पडत होता, थोडा खाली फरशीवर.

सवयीने रुफिनाने कोपऱ्यातला झाडू उचलला.

ओब्दुलियाने मान वर केली नाही, फक्त डावा हात आडवा धरला.

"झाडू नकोस," ती म्हणाली. "पडू दे."