हळदीला गेलेला जनरेटर

जनरेटर मी निवडला. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात एखादी वस्तू चांगली निघाली की ती माझ्या नवऱ्याने, शेखरने आणलेली असते आणि बिघडली की मोहिनीने, म्हणजे मी.

आमची मुलगी हर्षाली मोटरसायकलच्या शर्यती करते, डांबरी ट्रॅकवरच्या. त्या गाडीचे टायर गार असले तर रस्ता धरत नाहीत, म्हणून आधी त्यांना विजेवर चालणाऱ्या गोधड्या गुंडाळून तापवावं लागतं. टायर वॉर्मर म्हणतात त्यांना. मी गोधड्याच म्हणते. ट्रॅकच्या कडेला ज्याने त्याने आपली वीज आणायची असते. आम्ही आजवर शेजारच्या टीमच्या तोंडाकडे बघत आलो. या जानेवारीत मात्र दक्षिणेतली एक मोठी टीम नाशिकबाहेरच्या ट्रॅकवर येणार होती, चाचणी घेऊन एकच रायडर उचलणार होती, आणि हर्षालीला बोलावणं होतं. तेव्हा मी म्हटलं, आता उसनी वीज नको.

शेखरचं सातपूरला गॅरेज आहे. दुकानात गेल्या गेल्या त्याचं मन थोरल्या डिझेल जनरेटरवर बसलं. "गॅरेजलाही होईल, गावी विहिरीवरच्या मोटरलाही होईल," म्हणाला. आमच्याकडे कुठलीच वस्तू एका कामासाठी येत नाही. मी म्हटलं, हे धूड उचलायला चार गडी लागतील, आणि याची वीज वरखाली होते, ती गोधड्यांना सोसायची नाही. मी पेट्रोलचा, छोटा, इन्व्हर्टरवाला धरला. पेटीसारखा हातात धरून नेता येणारा, शेजारी बसून गप्पा माराव्यात इतक्या हलक्या आवाजाचा. दोन्ही गोधड्यांचे वॅट मी स्वतः मांडले आणि वर थोडी जागा ठेवली. घरी येताना हर्षालीने त्याला मागच्या सीटवर शेजारी बसवून पट्टा लावला.

हलका, बिनआवाजी, कुठेही नेता येणारा. अशी वस्तू भावकीत घरी राहते थोडीच?

विंचूरकडे आमचं गाव आहे. पहिल्यांदा तो पुंजाआप्पांच्या भजनाला गेला. भजनाला नाही कसं म्हणायचं? मग कुणाच्या बारशाला गेला. डिझेलचं धूड आणलं असतं तर कोणी ढुंकूनही बघितलं नसतं. मी निवड इतकी चांगली केली होती की ती सगळ्यांनाच पटली.

चाचणीच्या चार दिवस आधी महेशचा फोन आला. महेश म्हणजे शेखरच्या चुलतभावाचा मुलगा. त्याची बहीण संध्या, तिची हळद नेमकी चाचणीच्या आदल्या संध्याकाळी, आणि गावातला ट्रान्सफॉर्मर जळालेला.

"काकू, मांडवात अंधार हाय. एवढी हळद निघू द्या. सकाळी हर्षूच्या गाडीसंगं जनरेटर मीच घेऊन येतो."

आता याला काय म्हणावं? हर्षालीची गाडी पहिल्या शर्यतीपासून याच महेशच्या पिकअपमधून जाते. डिझेलचे पैसे पुढे केले की तो रागावतो. आताही गाडी त्याच्याच पिकअपमधून जायची होती. शेखर माझ्याकडे बघत होता, मी शेखरकडे. शेवटी फोन हर्षालीनेच हातात घेतला.

"दादा, ने. पण फक्त बल्ब लाव. दुसरं काही नाही."

"आईची शप्पथ," महेश म्हणाला. तो खोटं बोलणारा मुलगा नाही.

चाचणीच्या दिवशी निफाडकडची थंडी पडली होती. महेश ठरल्या वेळेला आला, हाताला हळद, डोळे लाल, आणि सोबत त्याच्या आईने, सगुणाबाईंनी, पाठवलेला डबा. जनरेटर एका दोरीत सुरू झाला. आवाज अगदी सुरेख. हर्षालीने गोधड्या गुंडाळल्या, पिना खोचल्या आणि गोधडीवरचा तापमानाचा आकडा उजळायची वाट बघत बसली. आकडा उजळला नाही. शेखरने मोबाइलचा चार्जर लावून बघितला. इंजिन चालत होतं आणि वीज येत नव्हती.

महेश खालीच बसला.

"म्या बल्बच लावले व्हते. जेवायला बसलो तर डीजेवाल्यानं त्याचा बॉक्स जोडला. लाल लाइट लागून बंद पडायचा, तो परत चालू करायचा. पाव्हणे नाचत व्हते, काकू. मी गेलो तवर गाणं संपत आलं व्हतं."

मी शेजारच्या टीमकडे गेले. त्यांच्या जनरेटरवर आधीच चार गोधड्या होत्या. "ताई, आणखी एक लावली तर आमच्याही बंद पडतील," तो माणूस म्हणाला, आणि ते खरं होतं. परत आले तर शेखर मागच्या टायरशी उकिडवा बसून तळहातांनी टायर चोळत होता. एवढा मोठा गॅरेजवाला, आणि टायर चोळतोय. मला त्याचा राग आला, मग रडू आलं, आणि मग मीही पुढचा टायर चोळायला बसले.

"आई, ऊठ. त्याने काही होत नाही," हर्षाली म्हणाली.

प्रत्येकाला मोजक्याच फेऱ्या होत्या. तिने पहिल्या दोन हळू काढल्या, टायर पळून पळून तापतील म्हणून. तिसरीला ती सुटली. त्या ट्रॅकवर जवळजवळ सगळी वळणं उजवीकडची. टायरची उजवी कड तापली, डावी गारच राहिली. डावं वळण एकच होतं. तिथे गाडी खालून निघून गेली, कोणी पायाखालची सतरंजी ओढावी तशी.

ती उठून चालत आली. टीमचा माणूस फार सभ्य होता. "मुलगी चांगली चालवते. पुढे बघू," म्हणाला, आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

दुपारी आम्ही संध्याच्या लग्नाला गेलो. न जाऊन सांगतो कोणाला? गाडी मागे महेशच्या पिकअपमध्ये तशीच आडवी. अक्षता पडल्या आणि माइकवर मानपान सुरू झालं. मामा, मावसे, सरपंच झाले. मग सगुणाबाईंनी माइकवाल्याच्या कानात काही सांगितलं.

"ज्यांच्यामुळं काल आपल्या मांडवात उजेड झाला," माइकवाला म्हणाला, "असे आपले नाशिकचे शेखरभाऊ. त्यांनी स्टेजवर येऊन सन्मान स्वीकारावा."

शेखर जागचा हलेना. सगळा मांडव आमच्याकडे वळून बघत होता. सगुणाबाई स्टेजवर टॉवेल-टोपी हातात घेऊन कौतुकाने हसत होत्या. त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

"बाबा, जा ना," हर्षाली हळूच म्हणाली. "वाट बघताहेत."

तो गेला. त्याच्या डोक्यावर टोपी चढली, फोटोसाठी दोनदा उभं केलं, आणि टाळ्या वाजल्या. हर्षालीचा डावा हात सुजला होता, म्हणून ती उजव्या हाताने मांडीवर टाळी वाजवत होती.