ट्रॅक्टरची आंघोळ

हिंमतरावांनी बैलजोडी विकून लहान ट्रॅक्टर आणला, तेव्हा डोणगावच्या बाजारापर्यंत त्याची चर्चा गेली. अंगात मोठेपणा शिरला की तोंड कुठं थांबतं! पोळ्याच्या आदल्या दिवशी पारावर, लोकांच्या देखत, त्यांनी आपल्या गड्याला ऐकवलं, "पुंजाजी, आता हाच आपला बैल. बैलाचं जे जे करतं, ते ते याचंबी कर."

लोक हसले. पुंजाजी हसला नाही. त्याची हयात बैलांमागं गेली होती आणि मालकाचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. त्याच संध्याकाळी त्यानं बैलाच्या खांद्याला चोळावी तशी मडगार्डाला तूप-हळद चोळली, बैलाला देतात तसं जेवणाचं आवतण दिलं आणि पोळ्याला सकाळीच ट्रॅक्टर नदीत घातला. पाणी पार सीटखालपर्यंत चढलं. इंजिन बंद करून त्यानं काथ्यानं चाकं घासली, मागं जोडलेल्या नांगराचा दांडा घासला. शेवटी माणसांनी ढकलून काढला. हिंमतराव काठावर उभे होते. खरं सांगायचं तर त्यांना कौतुकच वाटत होतं.

पुढं रब्बीच्या मशागतीला वाफसा आला आणि गिअर करकरायला लागले. मेहकरहून वामनराव मिस्त्री आले. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट सोडताच आधी नितळ पाणी आलं, मग दुधाळ चहासारखं पांढुरकं तेल.

"कोनं घातला बे हा पान्यात?" वामनराव ओरडले. "वरच्या भोकातून पानी गेलं ना सारं! दाते गंजले असतीन तं बसा बोंबलत."

"म्या घातला," पुंजाजी म्हणाला. एवढंच.

आता हिंमतरावांनी बोलायला हवं होतं. पण मिस्त्रीसमोर आपली अक्कल उघडी पडणार, या विचारानंच त्यांचं डोकं फिरलं. "अक्कल गहान ठेवली होती काय बे? उद्यापासून येऊ नको माह्या घरी!"

पुंजाजी कामाला लागला. ट्रॅक्टरचा मागचा आस त्यानं जॅकनं उचलून ओंडक्यांवर टेकवला, चाकं अधांतरी ठेवली. वामनरावांनी डिझेलमध्ये थोडं तेल मिसळून गिअरबॉक्समध्ये ओतलं, इंजिन हळू चालवून एकेक गिअर फिरवला आणि पुन्हा सगळं घमेल्यात सोडलं. हिंमतरावांच्या बायकोला, मंजुळाबाईंना, त्यांनी तापलेला तवा मागितला.

"आवं माय! भाकरीचा तवा?" म्हणत मंजुळाबाईंनी तो आणून आपटला.

वामनरावांनी तव्यावर घमेल्यातल्या तेलाचा थेंब टाकला. तो तडतडला. "पानी हाय अजून."

पुन्हा धुतलं. पुन्हा तडतड. दुपार टळली. मंजुळाबाईंनी पुंजाजीसाठी भाकरी आणली, ती तशीच राहिली. बैल आजारी पडला की हा माणूस असाच उपाशी बसायचा. हिंमतरावांना ते आठवलं आणि लाज वाटली. ते उगाच अंगणात फेऱ्या मारू लागले.

शेवटच्या खेपेला थेंब तव्यावर पडला, पसरला, नुसता धूर निघाला. आवाज नाही.

"निघालं!" वामनराव म्हणाले. नवं तेल भरलं. चाकं खाली घेऊन पुंजाजीनं ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत नेऊन आणला. गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडत होते.

त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली हिंमतरावांच्या हातात दिली, धोतराला हात पुसले आणि फाटकाकडं चालू लागला. खरंच चालला की हो! हिंमतरावांनी हाक मारली.

"पुंजाजी! कुठं चालला बे? याले गोठ्यात कोन बांधीन?"

तो थांबला, पण वळला नाही. "तुमीच तं म्हनलं, येऊ नको."

हिंमतरावांनी एकदा मिस्त्रीकडं पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाले, "म्हनलं. आन् बैलाचं करतं ते याचं कर, हेबी म्याच म्हनलं होतं. काठावर उभा राहून पाह्यलंबी म्याच. मंग काय, मीबी गाव सोडून जाऊ का?"

वामनराव पाने-पकडी गोळा करायचे थांबले. पुंजाजी परत आला. किल्ली घेण्याआधी त्यानं मंजुळाबाईंकडं पाहिलं.

"वयनी, ते भाकर आना आता."